तेलकट मासे आठवड्यातून किती वेळा खावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाईत असाल तर उत्तर एवढंच: आठवड्यातून निदान एकदा, जमलं तर दोनदा. मात्र पोटात बाळ असेल, ताटावर तीन वर्षांचं पोर बसलं असेल किंवा युरिक ॲसिडचा रिपोर्ट हातात असेल, तर हे उत्तर थोडं बदलतं. खालचे प्रश्न त्यासाठीच.

आठवड्यातून नेमकं किती वेळा? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

आकडे दिसतात वेगळे, पण ताटात पडणारा मासा जवळजवळ तेवढाच असतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की आठवड्यातून किमान दोन वेळा मासे खा आणि त्यातला एक तेलकट असू द्या. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे, शक्यतो तेलकट, असं सांगते. ब्रिटनमध्ये एका वेळचा मासा म्हणजे शिजवलेला १४० ग्रॅम आणि अमेरिकेत सुमारे ८५ ग्रॅम. म्हणजे अमेरिकेतल्या दोन वेळा मिळून १७० ग्रॅम होतात आणि ब्रिटनची एक वेळ १४० ग्रॅमची. वाद फारसा उरत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहता येतं. माशातले जे दोन मेदाम्ल आपल्याला हवे असतात ते म्हणजे ओमेगा-३ गटातले ईपीए आणि डीएचए. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी या दोन्हींचं मिळून रोज २५० मिलिग्रॅम हे प्रमाण पुरेसं मानलं आहे. आठवड्याचे झाले १७५० मिलिग्रॅम. चांगल्या तेलकट माशात १०० ग्रॅममागे एक ते दोन ग्रॅम ईपीए-डीएचए असतं. म्हणजे पोटभर खाल्लेला एकच मासा आठवड्याच्या गरजेच्या आसपास नेऊन सोडतो आणि दुसरी वेळ ती गरज आरामात पार करते.

१४० ग्रॅम म्हणजे ताटात किती?

शिजल्यावर तळहाताएवढी, बोटं सोडून, जाडसर तुकडी. अख्खा मासा घेत असाल तर डोकं, आतडी, शेपूट, काटे गेल्यावर साधारण निम्माच खाण्याजोगा उरतो हे लक्षात ठेवा. पाव किलोचा एक बांगडा म्हणजे ढोबळमानाने एका माणसाची एक वेळ. तारलीसारखे छोटे मासे असतील तर चार-पाच लागतील. वजनकाटा काढून बसू नका, एवढा अंदाज पुरतो.

तेलकट मासा म्हणजे कोणता? ओळखायचा कसा?

बांगडा, तारली, पेडवे, सामन, हेरिंग, ट्राउट, अँकोव्ही हे सगळे तेलकट. या माशांचं तेल त्यांच्या मांसात पसरलेलं असतं. कॉडसारख्या पांढऱ्या माशांचं तेल यकृतात साठतं, म्हणून तर कॉडच्या यकृताचं तेल काढतात आणि त्याच्या मांसात मात्र फारसं काही नसतं.

शिजलेल्या बांगड्याची कातडी अलगद सोलली की खाली, बरोबर मधोमध, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळपट लाल पट्टी दिसते. अनेक जण ती कडवट म्हणून काढून टाकतात. सतत पोहणाऱ्या माशाचा तो राबता स्नायू, आणि आजूबाजूच्या फिकट मांसापेक्षा त्यात तेल जास्त असतं. शक्य असेल तर ती पट्टी ताटाच्या कडेला ठेवू नका.

सुरमई, पापलेट, रावस हे मधल्या गटात मोडतात. आणि ट्यूना? ब्रिटनच्या यादीत आता ताजा ट्यूनाही तेलकट माशांत धरत नाहीत, डबाबंद तर नाहीच. चांगला मासा आहे, पण ‘माझा आठवड्याचा तेलकट मासा झाला’ असं त्याच्या जोरावर म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकी तक्त्यांत दिसत नाही. एकाच जातीच्या माशातलं तेल वर्षभर सारखं राहत नाही. अंडी घालण्याआधी मासा भरलेला असतो, नंतर उतरतो. तारली, बांगडा यांच्या बाबतीत हा फरक दुप्पट-तिप्पट असू शकतो. त्यामुळे ‘१०० ग्रॅममध्ये अमुक मिलिग्रॅम’ असा दशांशापर्यंतचा आकडा कोणी ठासून सांगितला तर तो अंदाजच समजा.

हिशोब आठवड्याचा का? जीवनसत्त्वाच्या गोळीसारखं रोज नको का?

नको. खाल्लेलं ईपीए-डीएचए दुसऱ्या दिवशी शरीराबाहेर जात नाही. ते पेशींच्या आवरणात जाऊन बसतं, तांबड्या रक्तपेशींच्याही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे रक्तातली पातळी चढायलाही आठवडे लागतात आणि उतरायलाही. सोमवारी खाल्लं की गुरुवारी, हा प्रश्नच गैरलागू आहे.

याचाच दुसरा अर्थ असा की अधूनमधून तुटून पडण्यात काही हशील नाही. सुट्टीत आठ दिवस रोज मासे आणि मग तीन महिने काहीच नाही, यापेक्षा आठवड्याला एक साधा मासा कितीतरी बरा. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट खाऊन ‘भरपाई’ करायचीही गरज नाही.

हृदयाला खरंच फायदा होतो, की नुसती हवा आहे?

हवाही आहे आणि फायदाही आहे. दोन्ही वेगळे करून बघावे लागतात.

गोष्टीची सुरुवात १९७० च्या दशकात झाली. हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि समुद्री आहाराचा संबंध कमी हृदयविकाराशी जोडला. इनुइट लोकांत हृदयविकार खरोखर तितका कमी होता का, यावर नंतर बरीच शंका घेतली गेली, पण कुतूहल जागं झालं ते झालंच. १९८९ मध्ये वेल्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २०३३ पुरुषांपैकी काहींना आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खायला सांगितलं होतं. दोन वर्षांत त्या गटात मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. इथवर सगळं छान. पण पुढे अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या, ३११४ रुग्णांवर तशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, आणि त्यात फायदा दिसलाच नाही. उलट तेलकट मासे किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सांगितलेल्या गटात हृदयविकाराने झालेले मृत्यू थोडे जास्तच निघाले. पहिल्या चाचणीचं कौतुक सगळे करतात, दुसरीचं नाव फारसं कोणी घेत नाही.

मग आजचा सल्ला कशावर उभा आहे? मुख्यतः मोठ्या लोकसमूहांच्या दीर्घ निरीक्षणांवर. २००६ मध्ये मोझाफेरियन आणि रिम या हार्वर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र मांडले. रोज सरासरी २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए पोटात जाईपर्यंत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा धोका वेगाने उतरत गेलेला दिसला, सुमारे ३६ टक्क्यांपर्यंत. त्यापुढे रेघ जवळजवळ आडवी झाली. मला या सगळ्या साहित्यात हीच गोष्ट सर्वांत कामाची वाटते. अजिबात न खाणारा माणूस आठवड्याला एकदा खाऊ लागला की त्याच्या पदरात बराचसा लाभ पडतो. दोनवरून पाचवर जाणाऱ्याला तेवढं काही मिळत नाही.

निरीक्षणांची मर्यादा अर्थातच आहे. मासे खाणारे लोक अनेकदा एकूणच बरं खातात, त्यांच्या ताटात मटण किंवा तळलेले पदार्थ त्या दिवशी नसतात. श्रेय माशाचं किती आणि बाजूला सरलेल्या पदार्थाचं किती, हे पूर्ण सोडवता येत नाही. खाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, दोन्ही त्याच्याच बाजूने आहेत.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या तर मासे खाणं टाळता येईल?

निरोगी माणसाने मासे टाळण्यासाठी कॅप्सूल घ्यावी असा पुरावा कमजोर आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या अमेरिकन चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेऊन हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना एकूणात कमी झाल्या नाहीत. मुळात मासे कमी खाणाऱ्यांत थोडा फायदा दिसला, पण तो उपगटातला निष्कर्ष, त्यावर इमला बांधता येत नाही. त्याच वर्षीच्या, मधुमेही रुग्णांवरच्या ‘असेंड’ चाचणीतही तीच कथा. शिवाय ओमेगा-३ च्या गोळ्या, विशेषतः मोठ्या मात्रेत, घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढलेला अनेक चाचण्यांत आढळला आहे.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) फार वाढलेले असतील तर डॉक्टर रोज चार ग्रॅमपर्यंत शुद्ध ओमेगा-३ लिहून देतात. ते औषध आहे, आहार नव्हे. त्याची बरोबरी ना माशाशी करायची, ना दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या बाटलीशी.

कॅप्सूलमध्ये माशातली प्रथिनं, ड जीवनसत्त्व, बी-१२, सेलेनियम, आयोडीनही नसतात. ड जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या भरपूर असलेले पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि तेलकट मासे त्यांत वरच्या नंबरावर.

रोज खाल्ले तर काय बिघडेल?

बहुतेकांचं लगेच काही बिघडणार नाही. पण ब्रिटनच्या सल्ल्यात वरची मर्यादाही दिली आहे: पुरुषांनी आणि पुढे मूल होऊ न देणाऱ्या स्त्रियांनी आठवड्याला चार वेळांपर्यंत; मुली, पुढे मूल हवं असलेल्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी दोन वेळांपर्यंत. कारण आहे माशाच्या चरबीत साठणारी डायॉक्सिन आणि पीसीबी ही प्रदूषकं. ती शरीरात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून आज गरोदर नसलेल्या तरुण मुलीलाही ती मर्यादा लागू होते.

आणि पारा?

पाऱ्याची भीती रास्त आहे, पण ती बहुधा चुकीच्या माशाची वाटते. समुद्रातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करतात. तो प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, जातो, तिथून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे सर्वांत धोक्याचे: शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकेरल, मोठ्या डोळ्यांचा ट्यूना. तारली, अँकोव्ही, हेरिंग, छोटा बांगडा, सामन यांच्यात पारा कमी असतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले बहुतेक तेलकट मासे सुरक्षित बाजूलाच आहेत.

जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये जो आजार उघड झाला, तो कारखान्यातून थेट खाडीत सोडलेल्या पाऱ्यामुळे. तिथले हाल वाचून आठवड्याचा एक बांगडा सोडण्याचं कारण नाही.

कातडी काढली की पारा निघून जातो हा समज मात्र सोडून द्या. मिथाइल-पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, चरबीला नाही. कातडी आणि तिच्याखालची चरबी काढल्याने पीसीबीसारखी चरबीतली प्रदूषकं कमी होतात, पारा नाही. शिजवून तर अजिबात नाही.

गरोदर आहे. मासे पूर्ण बंद करू का?

नको. बाळाचा मेंदू आणि डोळ्यांचा पडदा घडायला डीएचए लागतं आणि ते आईकडूनच येतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना कमी पारा असलेले मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतं. तेलकट मासा त्यात दोन वेळांपर्यंत. वर सांगितलेले मोठे शिकारी मासे पूर्ण वर्ज्य. मासा नीट शिजलेला हवा; कच्चा किंवा थंडच खायचा धुरावलेला मासा या काळात नको. आणि कॉडच्या यकृताचं तेल घेऊ नका, त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की ते बाळाला अपायकारक ठरू शकतं.

लहान मुलांना किती द्यावा?

आठवड्यातून दोनदा, पण मूठभरही नाही इतका कमी. अमेरिकेतल्या सूचनेप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम, चार ते सातपर्यंत ६० ग्रॅम, आठ ते दहापर्यंत ८५ ग्रॅम. काटे काढताना दिव्याखाली बसून बोटांनी मांस चिमटत जा. डोळ्यांना न दिसणारा काटा बोटाला टोचतो.

गोड्या पाण्यातले मासे मोजायचे का?

प्रथिनांसाठी जरूर. ओमेगा-३ साठी तलावात वाढवलेले बहुतेक मासे आणि तिलापिया तोकडे पडतात, १०० ग्रॅममागे साधारण ०.१ ते ०.३ ग्रॅम. ट्राउट हा ठळक अपवाद. मासा स्वतः हे मेदाम्ल फारसं बनवत नाही, ते मुळात शैवालातून येतं. त्यामुळे पाळलेल्या माशाला काय खायला घातलं यावर बरंच ठरतं. पाळलेल्या सामनच्या खाद्यात वनस्पती तेलांचा वाटा वाढत गेला तसं त्याच्या मांसातलं ईपीए-डीएचएही खाली आलं. तरीही तो चांगल्या यादीतच आहे.

तळलेला चालतो का?

कधीतरी चालतो. पण खोल तेलात तळताना माशाचं तेल बाहेर आणि कढईतलं आत अशी देवाणघेवाण होते, वर पिठाचं आवरण तेल पिऊन घेतं. आठवड्याचा एकच मासा असेल तर तो रश्श्यात, वाफेवर, भाजून किंवा तव्यावर चमचाभर तेलात करा. रश्श्यात उतरलेलं तेल रश्श्यासोबत पोटातच जातं, वाया जात नाही.

डबाबंद, गोठवलेला, खारवलेला?

पहिले दोन बिनधास्त. डब्यातल्या तारलीचे काटे इतके मऊ होतात की सहज चावले जातात, त्यातून कॅल्शियम फुकट मिळतं. खारवलेल्या माशात ओमेगा-३ असतं, पण मीठही खूप. रक्तदाब असेल तर तो आठवड्याचा मुख्य मासा होऊ देऊ नका.

बांगडा खाल्ला आणि अर्ध्या तासात तोंड लाल, डोकं ठणकायला लागलं. मला माशाची ॲलर्जी आहे का?

असेलही, पण त्याआधी दुसरी शक्यता तपासा, कारण तिच्यामुळे पुष्कळ लोक उगाच आयुष्यभर मासे सोडतात. बांगडा, ट्यूना, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यानंतर बर्फाशिवाय राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. शरीर स्वतः ॲलर्जीत जे रसायन सोडतं तेच इथे बाहेरून पोटात जातं. चेहरा आणि मान लाल होते, डोकं दुखतं, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते, कधी जुलाब. खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत सुरू होतं आणि बहुधा त्याच दिवशी ओसरतं. जिभेला मिरपूड लागल्यासारखी चुरचुर ही एक खूण.

मेख अशी की एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून, तळून, गोठवून, डब्यात भरूनही जात नाही. वास आणि दिसणं ठीक असतानाही ते असू शकतं. उपाय एकच, मासा सुरुवातीपासून थंड राहायला हवा. घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. घरी आणल्यावर ओट्यावर तासभर ठेवून बाकीचं आवरू नका.

एकाच ताटातला मासा खाऊन दोघा-तिघांना असा त्रास झाला तर ते बहुतेक हिस्टामिनच. दर वेळी, कुठल्याही ताज्या माशाने, फक्त तुम्हालाच होत असेल तर ॲलर्जीची तपासणी करून घ्या. आणि श्वास अडकला, ओठ-जीभ सुजली, तर कारण शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

युरिक ॲसिड वाढलंय किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे.

गाउट (युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी) असेल तर लक्षात ठेवा, तारली, अँकोव्ही, हेरिंग, बांगडा यांत प्युरिन जास्त असतं आणि त्याचंच शरीरात युरिक ॲसिड बनतं. झटका आलेला असताना टाळा आणि एरवीचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आठवड्यातून एक-दोनदा मासा सहसा अडचणीचा नसतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका.

मासे खातच नाही. जवस, अक्रोड पुरतील का?

अर्धवट. जवस, चिया, अक्रोड यांत एएलए हे ओमेगा-३ असतं. त्यातलं थोडंसंच शरीर ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचए तर त्याहून कितीतरी कमी बनतं. हे पदार्थ खा, चांगलेच आहेत. पण थेट डीएचए हवं असेल, विशेषतः गरोदरपणात, तर शैवालापासून काढलेलं तेल मिळतं. मासाही ते तिथूनच घेतो.

खायची तयारी आहे, वास सहन होत नाही.

वासाचं एक कारण ट्रायमिथाइलअमाइन, जे मासा मेल्यावर हळूहळू तयार होतं. ते अल्कधर्मी असतं, म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर असं कुठलंही आंबट लावलं की ते बांधलं जातं आणि हवेत उडत नाही. पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा, मग धुऊन शिजवा. पोटाच्या आतला काळा पडदा आणि कण्याला चिकटलेलं रक्त बोटाने खरवडून काढा, निम्मा उग्रपणा तिथेच असतो. दुसरं कारण तेल खवट होणं, आणि त्यावर आंबटाचा इलाज चालत नाही. तेलकट मासा गोठवलेला असला तरी दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि शिजवलेला दुसऱ्या दिवशी गरम करताना वास अंगावर येत असेल तर तो थंडच, भातात किंवा पोळीत कुस्करून खा.